दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर

किसना, गाडी चालू झाली.

मंगळवारी दुपारी, तीन हँडलात. पहिल्या हँडलाला नुसती खोकली, दुसऱ्याला मागून काळा धूर सोडला, तिसऱ्याला धरली. मी हँडल हातात घेऊन तसाच उभा राहिलो. खांदा दुखत व्हता, दम लागलता. इंजन जाड आवाजात, एका लयीत बोलत व्हतं. आपण पोरं असताना ऐकलेला आवाज, जशाला तसा. अन् अंगणात तो ऐकायला मी एकटा. तू गेलास त्याला त्या दिवशी नऊ दिवस झालते.

तुझ्या मिलिंदनं सांगितलं, "काका, बाबांच्या विद्यार्थ्यांनी पुस्तिका काढायचं ठरवलंय, तुमी बी चार ओळी द्या." म्हणलं, मी तिसरी शिकलेला मिस्त्री, गुरुजींवर काय लिवणार. तो म्हणला, "तुमी सांगा, मी लिवून घेतो." न्हाई म्हणलं. दुसऱ्याच्या हातानं मी आजपातूर नट बी आवळून घेतला न्हाई. मीच लिवतो. चुका ऱ्हातील. तू असतास तर लाल पेन काढलं असतंस.

बाकीचे लिवतील की तू आष्टीला किती वर्षं काढलीस, किती पोरं मार्गी लावलीस. ते खरंच हाय, पण ते गुरुजी माझ्या फार ओळखीचे न्हाईत. मला म्हाईत असलेला किसना म्हणजे रस्त्यानं जुनी गाडी गेली की बोलता बोलता थांबणारा, अन् ती दिसेनाशी झाल्यावर राहिलेलं वाक्य तिथूनच पुढं सुरू करणारा. माझ्या पोराच्या लग्नात मुहूर्ताच्या वेळी तू कुठं सापडलतास ते आठवतं का? मंडपाच्या मागं, पावण्यांच्या पद्मिनी गाडीखाली. नवा शर्ट, अन् पाठीला माती. वहिनी मला म्हणल्या, "भावजी, त्यांना काढा बाहेर, न्हाईतर मी गाडीवर अक्षता टाकते."

तुझं ते हजेरीपटाचं रजिस्टर माझ्याजवळ हाय. मिलिंदनं आणून दिलं. शाळेत शिल्लक राहिलेलं कोरं रजिस्टर, अन् त्यात पोरांच्या नावाच्या जागी गाड्यांची चित्रं. कॅलेंडरातली, मासिकातली, एक तर साबणाच्या खोक्यावरची. प्रत्येकीच्या खाली तुझं मोत्यासारखं अक्षर, कोणत्या साली आली, किती घोड्यांची, गिअर कुठं. अन् शेवटच्या रकान्यात शेरा. माझ्या इंपालाच्या पुढं तू लिवलंस, "देखणी. पण वागणूक बरी नाही." तू ते पहिल्यांदा दाखवलंस तवा मी तुझ्याशी चार दिवस बोललो न्हाई.

आरं, इंपाला ती. पंखासारखी शेपटी, मागं सहा दिवे, बोनेट असं की त्यावर पोरगं झोपवावं. उस्तादाच्या गॅरेजात बीडला मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना एकदा आलती. मी तिची नुसती काच पुसली, तर उस्ताद म्हणले, "हाथ धो के पोंछ बे, ये गाडी नहीं, बेगम है." तेव्हापासून माझ्या डोक्यात तीच. अन् तू म्हणायचास, "बापू, तुझी इंपाला आपल्या गल्लीत आली तर वळायला तिला पाटोद्याला जावं लागेल." म्हणायचास अन् स्वतःच हसायचास. हसताना तुझा वरचा दात दिसायचा.

तुझं मात्र एकच. लँडमास्टर. मी म्हणायचो, स्वप्न बघायला पैसे पडत न्हाईत, तर मंग मोठं तरी बघावं. ही काय गोल पोटाची, म्हातारीसारखी बसकी गाडी. तू चिडायचास न्हाई. "मला तीच पाहिजे," एवढंच म्हणायचास. कावून पायजे ते कधी सांगितलं न्हाईस. मी बी कधी नीट विचारलं न्हाई. मला वाटायचं, मास्तर माणूस हाय, आवड बी मास्तरासारखीच.

रिटायर झाल्यावर तू आपल्या गावच्या गढीवर गेलास. गढीचे मालक अप्पासाहेब कवाच गेले, नातू पुण्याला ऱ्हातो, त्याला त्यांची जुनी लँडमास्टर नकोच व्हती. कडब्याच्या शेडात उभी व्हती, टपावर कोंबड्या बसायच्या, मागच्या सीटवर मांजरीनं पिल्लं घातलती. तू ती घेतलीस अन् ट्रॅक्टरला बांधून माझ्या नेकनूरच्या अंगणात आणलीस. स्टेअरिंगवर तू बसलतास. इंजन बंद, ट्रॅक्टर वढतोय, अन् तू हात बाहेर काढून वळायची खूण करतोयस. बघणाऱ्यांनी लई हसून घेतलं. एकजण म्हणला, "गुरुजी, जुनी अँबॅसिडर घेतली का?" तू तिथंच ट्रॅक्टर थांबवलास. "अँबॅसिडर नाही. लँडमास्टर. अँबॅसिडर ही हिची धाकटी बहीण." ते वाक्य तू पुढची नऊ वर्षं म्हणत राहिलास. पोस्टमनला, पावण्यांना, डॉक्टरला.

त्या दिवशी मी तुला म्हणलं व्हतं, "किसना, गाडी तुझी. पण आता माझ्या दारात उभी हाय. मिस्त्रीच्या दारात गाडी हाय तवर शब्द मिस्त्रीचा." उस्तादाच्या गॅरेजातला कायदा तो. मालक किती बी मोठा असू दे, गाडी आत आली की त्यानं फक्त चहा प्यायचा. तू हात जोडून म्हणलास, "मंजूर." मास्तर माणूस, दिलेला शब्द पाळणार. मला ते म्हाईत व्हतं. त्याचाच मी पुढं फायदा घेतला, असं आता वाटतं.

सहा वर्षांत सगळं झालं. इंजन खोललं, बोअर करून आणलं. ब्रेक नवे बसवले. वायरिंग मी एकट्यानं ओढलं. रंगावरून आपलं महिनाभर चाललं, तू म्हणलास फिका हिरवा, मी म्हणलं काळा. तुझाच रंग झाला, कारण दाराच्या आत तू मला जुना हिरवा खरवडून दाखवलास. तेवढं एक तू जिकलास. खंडेनवमीला मी अवजारं मांडायचो, गाडीला हळदकुंकू लावायचो. तू पूजेला उभा ऱ्हायचास न्हाई, पण बादली अन् फडकं घेऊन सकाळीच यायचास. "तू पूज, मी पुसतो." अन् तू पुसलेली गाडी बघून मला वाटायचं, माझ्या कुंकवाची हिला गरज न्हाई.

राहिला फक्त कार्बोरेटर. मूळचा कुणी तरी कधी तरी काढून नेलता. सुईवाला, वर ॲल्युमिनियमचं घुमटासारखं झाकण असलेला. मी बीडला विचारलं, नगरला विचारलं, पुण्याच्या एका जुन्या पार्टवाल्याला दर महिन्याला फोन लावला. तो म्हणायचा, "सापडला की कळवतो, बाबा." तीन वर्षं त्याचं तेच.

अन् माझ्या फळीवर अँबॅसिडरचा कार्बोरेटर पडून व्हता. तुला दिसायचा तो. तू आलास की खुर्ची अशी लावायचास की फळी समोर यावी.

"बापू, मध्ये एक पट्टी टाकली तर बसेल की तो."

"बसंल."

"मग?"

"मंग काय? बसंल म्हणून बसवायचा का? ज्याचं त्याला. उस्ताद काय म्हणायचे?"

"उस्ताद वारले बापू. चाळीस वर्षं झाली."

"मी हाय ना अजून."

हा आपला पाठ. महिन्यातून दोनदा व्हायचा. मी सगळ्या तालुक्याच्या जीपांना, टेंपोंना, ट्रॅक्टरांना मिळंल ते बसवून दिलं. लोक म्हणायचे, बापू मिस्त्री तारेनं गाडी चालवतो. पोटासाठी केलं. ही एक गाडी अशी करायची की पुण्याचा माणूस जरी आला तरी बोनेट उघडून गप बसावा. ही एकच. मला माझ्या हाताचं नाव पायजे व्हतं. तुझ्या गाडीवर.

मंग आपण पुण्याला गेलतो, जुन्या गाड्यांचा मेळावा बघायला. एसटीनं. तू डब्यात भाकरी अन् शेंगादाण्याची चटणी आणलती. टोप्या घातलेले लोक, पांढऱ्या टायरच्या गाड्या, बायका फोटो काढतायत. तुला तिथं एक लँडमास्टर दिसली अन् तू माझा हात सोडून पळालास. त्या वयात पळालास! मालक बोनेट उघडून उभा व्हता. तू त्याला त्याच्या गाडीची माहिती सांगायला लागलास, तो बिचारा डोळे मोठे करून ऐकतोय. शेवटी म्हणला, "सर, तुमच्याकडं आहे का?" तू म्हणलास, "आहे. थोडं काम बाकी आहे." अन् मंग तुझी नजर आत गेली. त्याच्या इंजनावर अँबॅसिडरचाच कार्बोरेटर.

"बघ बापू," तू म्हणलास. हळूच. लेकरानं खेळण्याकडं बोट दाखवावं तसं. "ह्यांनीपण दुसराच बसवलाय. अन् गाडी नगरहून चालत आली."

मी म्हणलं, "म्हणूनच ही गाडी खोटी हाय."

मोठ्यानं म्हणलं. मालकानं ऐकलं. त्यानं बोनेट लावून घेतलं. परत येताना एसटीत तू मांजरसुंबा येईपातूर खिडकीला डोकं लावून बसलास. उतरताना एवढंच म्हणलास, "त्या माणसाची माफी मागायला पाहिजे होती." कुणी, ते म्हणला न्हाईस.

शेवटचा तू आलास तो गुरुवार व्हता. काठी आणलतीस. खुर्चीवर बसला न्हाईस, गाडीचं दार उघडून आत बसलास. स्टेअरिंगच्या जागी न्हाई, बाजूला. काच खाली केलीस, कोपर बाहेर ठेवलंस.

"बापू, अँबॅसिडरचा बसव."

"पुन्हा तेच?"

"एकदाच. मला लांब जायचं नाही. फक्त ओढ्यापासून वेशीपर्यंत. नंतर काढून टाक."

मी हसलो. म्हणलं, "आरं, जायचं तर पाटोद्यापातूर जाऊ. अस्सल पार्ट बसवून, घाट चढवून नेतो तुला. ओढ्यापासून वेशीपातूर काय, तेवढं तर बैल बी नेतो."

तू डॅशबोर्डावरून हात फिरवलास. मंग म्हणलास, "तुझ्या दारात आहे तोवर शब्द तुझा." अन् काठी टेकत उतरलास. दार लावलंस, हळू, बोटांनी दाबून, जसं लावायचं असतं तसं.

रविवारी सकाळी मिलिंदचा फोन आला. चहा झालता म्हणे. पेपर मांडीवर व्हता.

मी गावाकडं आलो. खांदा दिला. तुझ्या घरच्यांनी मधी जागा करून दिली, कुणी काही म्हणलं न्हाई. आपण वेशीतून निघालो अन् ओढ्याकडं वळलो, पलीकडं तुमची जागा. गुडघा साथ देत न्हवता. मी खाली बघून चालत व्हतो, एक एक पाऊल मोजल्यासारखं, अन् मधल्या उताराला मला एकदम कळलं. वेस. ओढा. तू कोणती वाट मागत व्हतास ते. मी तिथंच थांबलो असतो, पण तू खांद्यावर व्हतास.

किसना, आता लिवतो. हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई.

आपण तिसरीत व्हतो. अप्पासाहेबांनी नवी गाडी आणली, हीच. ओढ्याच्या वाळूत तिची मागची चाकं रुतली. ड्रायव्हरनं आपल्याला हाक मारली, "ढकला रे पोरांनो." पाच-सहा जण व्हतो. तू बी व्हतास, सगळ्यात पुढं. गाडीला हात लावायला मिळतोय म्हणून तू खांदा, छाती, गाल सगळं टेकवून ढकलत व्हतास. वाळू उडून तुझ्या तोंडात गेलती. गाडी निघाली. अप्पासाहेब आतून काही तरी म्हणले, अन् ड्रायव्हरनं दार उघडलं. "बसा, वेशीपातूर सोडतो." आमी कोंबड्या शिरल्यासारखे शिरलो. तू दाराला हात लावलास. ड्रायव्हर म्हणला, "तू न्हाई. तू पळत ये."

त्यानं तुझ्या वाड्याचं नाव घेतलं न्हाई. घ्यायची गरजच न्हवती.

मी खिडकीला बसलतो. लोहाराचं पोरगं, मी त्यांना चाललो. मी मागच्या काचेतून बघितलं. धुरळ्यात तू पळत व्हतास. रडत न्हवतास. जोरात पळत व्हतास, जसं काय गाडी गाठायचीच हाय. वेशीत आमी उतरलो अन् तू धापा टाकत आलास. मला वाटलं आता शिव्या देतो. तू काय म्हणलास?

"बापू, आत कसं होतं?"

अन् मी सांगितलं! चांगलं तास-दोन तास सांगितलं. सीट कशी दबते. गिअर स्टेअरिंगलाच हाय. कातड्याचा अन् पेट्रोलचा मिळून वास कसा येतो. तू विचारत गेलास, किती बटणं, काच कशी फिरते, घड्याळ कुठं हाय. मी न बघितलेलं बी सांगितलं, मोठेपणा म्हणून. तू पाटीवर काढत गेलास. मला त्या दिवशी लई भारी वाटलतं. तुझ्यापेक्षा मला जास्त म्हाईत हाय, ते पहिल्यांदा अन् शेवटचं.

मी उतरलो न्हाई, किसना. दार उघडं व्हतं, गाडी उभी व्हती. "तो न्हाई तर मी न्हाई," एवढं म्हणायचं व्हतं. नऊ वर्षांच्या पोराला कुठून सुचणार, असं मी स्वतःला लई वर्षं सांगितलं. नऊ वर्षांच्याला न्हाई सुचलं. तिशीत सुचायला पायजे व्हतं. साठीत तर पायजेच व्हतं. तुझ्याच गाडीच्या सीटवर बसून तू मला तीच वाट मागितलीस, अन् मी बैलाचा विनोद केला.

जलदान विधी झाला. भंतेजी बोलत व्हते, मला काही ऐकू येत न्हवतं. घरी गेलो, दोन दिवस अंगणात गेलोच न्हाई. अंग मोडून आलतं. मंगळवारी सकाळी उठलो अन् फळीवरचा कार्बोरेटर खाली काढला. धुतला. जाड पट्टी कापली, भोकं पाडली, वरखाली पॅकिंग लावलं. तार जोडली, नळी जोडली. मधी जेवलो बी. दुपारी हँडल मारलं, ते वर लिवलंच.

एवढंच काम व्हतं. सकाळी सुरू केलं अन् दुपारी झालं. मी तीन वर्षं लावली. हे मला झोपू देत न्हाई.

बुधवारी गाडी गावाकडं आणली. हळू आणली, मिलिंद मोटरसायकलवर मागं व्हता. तुझी गाडी कशी चालते ते सांगतो, तू विचारणारच. क्लच जरा वर धरतो. दुसऱ्या गिअरला कुरकुरती. स्टेअरिंग हलकं हाय, बोटानं फिरतं. चढाला तिला घाई न्हाई, पण दमत न्हाई. तुझ्यासारखीच.

ओढ्याशी उभी केली. मिलिंदला म्हणलं, आईला घेऊन ये. वहिनी आल्या. गाडीकडं बघत उभ्या राहिल्या. मी पुढचं दार उघडलं, बाजूचं.

"बसा वहिनी. वेशीपातूर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कळलं म्हणायचं तुमाला."

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"लग्न झालं त्या वर्षीच सांगितलं त्यांनी. पाटीवर गाडी काढून दाखवली मला." वहिनींनी पदर सारखा केला. "मी किती डाव म्हणलं, भावजींना सांगा तरी, कावून जायचंय ते. तर म्हणले, गया, सांगितलं तर बापू उद्याच चालू करून देईल. रडत देईल. तसली गाडी मला नको. मिस्त्रीनं मिस्त्री म्हणून द्यावी, मी मालक म्हणून बसावं."

मला राग आला. खरं सांगतो, तुझा लई राग आला. आरं, हट्टी म्हणून आख्खा तालुका मला नावं ठेवतो अन् तू पांढऱ्या कपड्यात माझा बाप निघालास! एक शब्द बोलायचा व्हता. एकच. पोरांना आयुष्यभर सांगितलंस, समजलं नाही तर विचारा, मनात ठेवू नका. अन् स्वतः? मी तसाच दाराला धरून उभा राहिलो. मंग राग गेला. माझी तीन वर्षं अन् तुझी पासष्ट, त्यात कुणाचा हट्ट मोठा ते बघायला आता बसणार कोण.

"बसा वहिनी," मी परत म्हणलं.

"न्हाई भावजी. ती जागा त्यांची हाय. मी मिलिंदच्या मागं बसून जाते. तुमी न्या."

"एकट्यानं?"

"मंग? इतकी वर्षं एकट्याच्याच मनानं ठेवली की दारात."

हे त्या रागानं म्हणल्या न्हाईत. म्हणून जास्त लागलं.

मी नेली. ओढ्यापासून वेशीपातूर. बाजूची काच खाली ठेवली. चढ लागला, दुसरा टाकला, मंग तिसरा टाकावा म्हणतो तर वेस आली. दोन मिनिटं बी झाली न्हाईत, किसना. लहानपणी किती लांब वाटलतं ते. तुला पळायला किती लांब असंल.

वेशीत चार म्हातारे बसलते, तुझेच एक-दोन विद्यार्थी बी व्हते. एकजण उठून म्हणला, "आरं, गुरुजींची अँबॅसिडर चालू झाली की!"

मी म्हणलं, "लँडमास्टर." पुढचं बहिणीचं म्हणायचं मनात व्हतं, पण तोवर गाडी तुमच्या दाराकडं वळवलती.

आता थकलोय. लिवायची सवय न्हाई, बोटं वाकत न्हाईत. गाडी तुमच्या दारात उभी करून आलोय, आता शब्द मिलिंदचा. तो म्हणला, "काका, गुरुवारी तुमी येत जा, दोघं पुसू." बघू. गुडघा काय म्हणतो त्यावर हाय.

तुला द्यायचे ते धन्यवाद बी राहिलेतच. तिसरीतली अक्षरं मी विसरलतो, मला गिऱ्हाइकाच्या पावतीवर नाव लिवायला तू परत शिकवलंस, तिशी उलटल्यावर, अन् कुणाला कळू दिलं न्हाईस. आज त्याच अक्षरात लिवतोय. वेशीतल्या त्या दिवसाबद्दल तू मला कधी बोट दाखवलं न्हाईस. कधी कधी वाटतं, दाखवलं असतंस तर बरं झालं असतं.

काल पुण्याच्या पार्टवाल्याचा फोन आलता. "बाबा, सापडला! अस्सल, डबीतला. पाठवू का?" लई खुशीत व्हता बिचारा, तीन वर्षं माझं डोकं खाणं सोसलेलं.

म्हणलं, नको. एक बसवलाय, तो चालतोय.

तो म्हणला, "अहो, पण कुणी जाणकार आला, बोनेट उघडलं, तर लगेच ओळखेल."

ओळखू दे. मिलिंदला सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर नाव लपवायचं न्हाई. म्हणायचं, दुसऱ्या गाडीचा हाय, बापू मिस्त्रीनं बसवलाय, अन् उशिरा बसवलाय.